जॅकोबाइट पेल्यांवरचा गुलाब : खूण की नुसती वेलबुट्टी?

वेताळटेकडी

सहा पाकळ्यांचा गुलाब, काटेरी देठ, एका बाजूला एक कळी किंवा दोन्ही बाजूंना एकेक. अठराव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये बनलेल्या वाइनच्या पेल्यांवर ही नक्षी पुन्हा पुन्हा दिसते. इथे एडिनबरात किंवा लंडनला, काचेच्या दालनात गेलं की हा गुलाब भेटतोच आणि खालच्या पाटीवर लिहिलेलं असतं 'जॅकोबाइट'. म्हणजे हे साधं फूल नाही. हा परागंदा राजाचा हक्क आणि कळ्या म्हणजे त्याचे वारस.

हा अर्थ मला पटतो, पण सरसकट प्रत्येक गुलाबाला नाही. तो कुठे लावावा आणि कुठे हात आखडावा, यावर इथल्या जाणकारांशी बोलायचंय, म्हणून हा धागा.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: १६८८ मध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स याला इंग्लंडमधून पळावं लागलं आणि त्याची प्रॉटेस्टंट मुलगी मेरी व जावई विल्यम गादीवर आले. जेम्सचा मुलगा जेम्स फ्रान्सिस त्याच वर्षी १० जूनला जन्मला होता. तो जवळजवळ आयुष्यभर परदेशात राहिला आणि त्याच्या पाठीराख्यांनी त्यालाच खरा राजा मानलं. तेच हे जॅकोबाइट. या जेम्सचे दोन मुलगे, चार्ल्स (१७२०) आणि हेन्री (१७२५). चार्ल्स १७४५ मध्ये मोजक्या माणसांनिशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उतरला, १९ ऑगस्टला ग्लेनफिननला निशाण उभारलं, डिसेंबरात इंग्लंडमध्ये डर्बीपर्यंत धडक मारली आणि तिथून मागे फिरला. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत सगळं संपलं.

आता पेल्यांकडे. आपण ज्यांना जॅकोबाइट पेले म्हणतो त्यांतले बहुतेक कलोडनच्या आगेमागचे आणि नंतरच्या वीसेक वर्षांतले आहेत, हे त्यांच्या घडणीवरून कळतं. तुतारीसारखी वर उमलणारी वाटी, तिच्यातूनच खाली ओढलेली दांडी आणि दांडीच्या पोटात हवेच्या बारीक रेघांचा पीळ, हा त्या काळाचा ठसा. १७४५ च्या कायद्याने काचेवर वजनानुसार कर बसला, तेव्हा जाडजूड दांड्या परवडेनाशा झाल्या आणि हलक्या पेल्यांवर कोरीवकाम करून घेणं वाढलं. म्हणजे नक्षी वाढण्यामागे राजकारण होतं तसा करही होता.

माझं म्हणणं असं: गुलाब एकटा असेल तर तो साक्षीला पुरत नाही. त्याच्या मागच्या बाजूला ओकचं पान, तारा आणि 'फियाट' हा लॅटिन शब्द ('तसंच होवो') असेल, तर मात्र शंकेला जागा उरत नाही. पेला फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिल्याशिवाय अर्थ सांगू नये. तुम्हाला काय वाटतं?

मोगरा

वाचतेय. इतिहास शाळेत असताना 'बॉनी प्रिन्स चार्ली' (म्हणजे हाच चार्ल्स) एवढंच नाव कानावरून गेलं होतं. ओकच्या पानाचा संबंध काय? आणि ताऱ्याचा?

वेताळटेकडी

@मोगरा, ओक हे स्टुअर्ट घराण्याचं, म्हणजे दुसऱ्या जेम्सच्या घराण्याचं, जुनं प्रतीक. १६५१ मध्ये वूस्टरची लढाई हरल्यावर दुसरा चार्ल्स (दुसऱ्या जेम्सचा थोरला भाऊ) बॉस्कोबेल इथल्या ओकच्या झाडात लपून वाचला आणि १६६० मध्ये गादीवर परत आला. त्याच्या परतीचा दिवस, २९ मे, लोक ओकची पानं टोपीला खोवून साजरा करत. हरलेला राजा लपून राहतो आणि एक दिवस परत येतो, ही कहाणी जॅकोबाइटांना हवीच होती. काही पेल्यांवर वठलेला ओक आणि त्याच्या बुंध्यापासून फुटलेला कोंब दिसतो, सोबत 'रेव्हिरेस्किट', म्हणजे 'पुन्हा पालवतो'.

ताऱ्यासाठी पदकं पाहावी लागतात. ओट्टो हामेरानी याने रोममध्ये दोन्ही राजपुत्रांचं एक पदक घडवलं. त्यात चार्ल्सच्या चेहऱ्यापुढे तारा आहे आणि 'सगळ्यांत हाच झळकतो' अशा अर्थाची लॅटिन ओळ. काचेवरचा तारा या ताऱ्याच्याच जातकुळीतला.

उलटतपासणी

धागा आवडला, पण मला मूळ गृहीतकच खटकतं. त्या काळात पेल्यांवर फुलं-पानं कोरण्याची फॅशनच होती. द्राक्षवेल असेल तर वाइनचा पेला, हॉप्सची बोंडं आणि जवाच्या ओंब्या असतील तर एलचा (एक प्रकारच्या बिअरचा), सफरचंदाचं झाड असेल तर सायडरचा. इतकी साधी भाषा. मग गुलाब दिसला की लगेच राजद्रोह कसा? काही अभ्यासक तर सूर्यफूल, कार्नेशन, डॅफोडिल, पतंग, मधमाशी, कोळ्याचं जाळं या सगळ्यांतच चार्ल्स शोधतात. सगळ्याचाच एक अर्थ लागायला लागला की मी सावध होतो.

वेताळटेकडी

@उलटतपासणी, पतंग आणि कोळ्याच्या जाळ्याबाबत मी तुमच्या बाजूने. त्यांना जॅकोबाइट म्हणायचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की ते एखाद्या गुलाबाच्या पेल्यावर सापडले. मग तोच कीटक दुसऱ्या पेल्यावर एकटा दिसला की तोही जॅकोबाइट! हा उलटा प्रवास मला मान्य नाही.

पण गुलाबाचं तसं नाही. पांढरा गुलाब हे या पक्षाचं चिन्ह होतं हे पेल्यांबाहेरच्या पुराव्यांवरून माहीत आहे. १० जूनला, म्हणजे जेम्सच्या वाढदिवशी, पांढरा गुलाब लावणं हे उघड राजकीय कृत्य मानलं जाई. वेल्समध्ये रेक्सम परिसरात १७१० मध्ये याच तारखेला 'सायकल ऑफ द व्हाइट रोझ' नावाची मंडळी सुरू झाली. सदस्यांच्या घरी आळीपाळीने जेवणं होत, म्हणून 'सायकल'. विन सरदारांचं घराणं त्याच्या केंद्रस्थानी होतं. गुलाबाला अर्थ आधीच चिकटलेला होता, तो मागाहून काचेवर आला.

कुरुंद

मी स्वतः काचेवर कोरीवकाम करतो, म्हणून हाताच्या बाजूने दोन शब्द.

या पेल्यांचं बहुतेक काम तांब्याच्या छोट्या चाकांवरचं आहे. फिरत्या चाकाच्या कडेला तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावायची आणि पेला खालून चाकाला भिडवायचा. नवशिक्याला वाटतं चाक काचेवर फिरवतात. तसं नाही, चाक जागेवर असतं आणि पेला हातात फिरतो. चाक बदललं की रेघेची रुंदी बदलते. जिथे घासलं जातं तिथे काच दुधी दिसते. मग हवं तिथे परत पॉलिश करून चमक आणायची. गुलाबाच्या पाकळीत मधेच एखादा चमकदार ठिपका किंवा पट्टा दिसतो ना, तो असा आलेला.

प्रत्येक कारागिराची पाकळी वळवायची, काटा काढायची, पानाच्या शिरा टाकायची सवय वेगळी असते आणि ती लपत नाही. जेफ्री सेडन या अभ्यासकाने शेकडो जॅकोबाइट पेले असेच बारकाईने ताडून पाहिले, कारागिरांची नावं माहीत नसल्यामुळे त्यांना अक्षरं दिली आणि दाखवून दिलं की यातलं बरंचसं काम मोजक्या, पाचेक प्रमुख हातांचं आहे. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं. इतकं काम इतक्या थोड्या हातांत असेल तर मागणी करणाराही कुणीतरी ठरावीक गट असणार. गावोगावच्या कारागिरांनी आपापल्या मनाने गुलाब काढले असते तर असं चित्र दिसलं नसतं.

उलटतपासणी

@कुरुंद, हे मात्र वजनदार आहे. पण तेच हात साधी द्राक्षवेलही कोरत असतील की. पोट सगळ्यांनाच आहे.

कुरुंद

कोरत असणारच. म्हणून मी 'गट असणार' म्हटलं, 'प्रत्येक पेला त्या गटाचाच' असं नाही म्हटलं.

मंद्र

इथे 'आमेन' पेल्यांचा उल्लेख कसा नाही अजून? माझ्या मते या सगळ्या विषयातला मुकुटमणी तोच.

हे पेले चाकावर कोरलेले नाहीत. हिऱ्याच्या टोकाने, लेखणीने लिहावं तसं, काचेवर सुलेखन केलेलं आहे. वर मुकुट, खाली राजाची आद्याक्षरं एकमेकांत गुंफलेली आणि त्यात आठचा आकडा, कारण स्कॉटलंडच्या हिशेबाने जेम्स फ्रान्सिस हा आठवा जेम्स. मग एका प्रार्थनागीताची कडवी आणि शेवटी 'आमेन'. ही कडवी म्हणजे आज ज्याला ब्रिटिश राष्ट्रगीत म्हणतात त्याचंच एक रूप. पण एक ओळ फार बोलकी आहे: देवाने राजाला विजयी करावं आणि त्याने 'लवकरच' आमच्यावर राज्य करावं. जो गादीवर बसलेला आहे त्याच्यासाठी 'लवकरच' कोण म्हणेल? गंमत म्हणजे (खरं तर गंमत नव्हे, इतिहासाचा पेच) सप्टेंबर १७४५ मध्ये, चार्ल्सची फौज एडिनबरात असताना, लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात हेच गीत गादीवरच्या दुसऱ्या जॉर्जसाठी गायलं गेलं. एकच गीत, दोन राजे, दोन्ही बाजू मनापासून गाताहेत.

आज माहीत असलेले आमेन पेले चाळिसाच्या आतच आहेत. अक्षरांचं वळण पाहून काही अभ्यासकांनी ते रॉबर्ट स्ट्रेंज याने कोरले असावेत असं मत मांडलंय. हा ऑर्कनीचा खोदकाम कलावंत चार्ल्सच्या फौजेत होता, त्याच्यासाठी चलनी नोटांचा ठसाही त्यानेच खोदायला घेतला होता. पुढे हाच माणूस युरोपभर नावाजला आणि १७८७ मध्ये तिसऱ्या जॉर्जने त्याला 'सर' केलं.

मोगरा

मंद्र, सुंदर प्रतिसाद. 'लवकरच'वर थांबले मी. वर्षामागून वर्षं 'लवकरच' म्हणत पेले उचलणारी ती माणसं डोळ्यांसमोर आली.

खोताचीवाडी

एक बाळबोध प्रश्न विचारते. आमच्या घरी आजीच्या कपाटात वाइनचा एक जुना पेला आहे, चोरबाजारातून आणलेला. त्यावर कोरलेला गुलाब आहे आणि एक कळीही! तो या जातीचा असू शकेल का? फोटो इथे चढत नाहीयेत, वर्णन लिहू शकते.

वेताळटेकडी

@खोताचीवाडी, प्रश्न अगदी योग्य आहे, कारण नक्षीआधी काच पाहावी लागते. नक्षी कुणीही, केव्हाही कोरू शकतो.

सुरुवात तळापासून करा. पेला उपडा करून बघा. अठराव्या शतकातल्या पेल्याच्या तळाच्या मधोमध काच तोडल्याची खरबरीत खूण बहुधा असते, कारण काम चालू असताना पेला त्या जागी लोखंडी दांड्याला चिकटवलेला असे. तळ मधे किंचित उचललेला असतो आणि नुसती कड टेबलाला टेकते. त्या कडेवर दोन-अडीचशे वर्षांच्या वापराने वेड्यावाकड्या, सगळ्या दिशांना गेलेल्या बारीक रेघा पडलेल्या हव्यात. एकाच दिशेने समांतर रेघा दिसल्या तर कुणीतरी मुद्दाम घासलंय. तळाचा घेरही जुन्या पेल्यात वाटीच्या तोंडाइतका किंवा त्याहून मोठा असतो.

मग वाटीला नखाने टिचकी मारा. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याला १६७४ मध्ये ज्या काचेचं पेटंट मिळालं, तीत पुढे शिशाचं प्रमाण वाढत गेलं आणि ती इंग्रजी पेल्यांची ओळख झाली. ती हाताला जड लागते आणि टिचकीला लांब नाद देते. अल्ट्राव्हायोलेट दिवा मिळाला तर अजून बरं: शिशाची काच निळसर झळकते, सोड्याची हिरवट-पिवळसर.

कुरुंद

यात एक भर. काच जुनी आणि नक्षी नवी, हा सगळ्यांत फसवा प्रकार. साधा अस्सल पेला घ्यायचा आणि त्यावर गुलाब कोरून दहापट भावाने विकायचा. भिंगाखाली वापराच्या रेघा आणि नक्षी एकमेकांना कुठे छेदतात ते पाहा. जुन्या नक्षीवरून ओरखडे गेलेले असतात. नव्या नक्षीने ओरखडे कापलेले असतात. शिवाय नवं कोरीवकाम पांढरंफटक, पिठूळ दिसतं. जुन्यात हात आणि फडकी फिरून फिरून करडी झाक आलेली असते.

अशा कामात बरबटलेलं एक नाव नीट नोंदलेलं आहे: फ्रान्झ टीझ. बोहेमियातून डब्लिनला आलेला, अतिशय कसबी कारागीर, १९३२ मध्ये वारला. विल्यम राजाच्या स्मृतीचे म्हणून जे पेले आयर्लंडमधून संग्रहालयांत गेले, त्यांतले अनेक त्याने कोरलेले निघाले. म्हणजे जॅकोबाइटांच्या विरोधकांचे पेलेही बनावट!

मोगरा

विरोधकांचेही पेले होते?

वेताळटेकडी

होते ना. विल्यमचं घोड्यावरचं चित्र, १६९० च्या बॉइनच्या लढाईचं नाव, 'राजा विल्यमच्या गौरवशाली स्मृतीस' असा मजकूर. सगळं रोखठोक, कारण सत्ता त्यांची होती. दोन्ही पेले शेजारी ठेवले की फरक कळतो. जिंकलेल्यांनी नाव लिहिलं, हरलेल्यांनी फूल काढलं.

टोस्टही तसेच. जॅकोबाइट लोक 'काळ्या मखमलीतल्या छोट्या सद्गृहस्था'च्या नावाने पीत. हा सद्गृहस्थ म्हणजे चिचुंदरीसारखा जमीन पोखरणारा मोल. १७०२ मध्ये विल्यमचा घोडा मोलने उकरलेल्या ढिगाऱ्याला अडखळला, विल्यम पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं आणि ८ मार्चला तो गेला. आणि 'राजाला' म्हणत पेला टेबलावरच्या पाण्याच्या भांड्यावरून न्यायचा, की टोस्ट होतो समुद्रापलीकडच्या राजाला. त्यामुळे राजवाड्यातल्या जेवणांत बोटं धुवायची वाडगी कितीतरी काळ ठेवत नसत असंही सांगतात.

कालवाकाठ

नेदरलँड्समधून लिहितोय. इकडे याच सुमारास कोरीवकामाची फार उंच परंपरा होती. आम्स्टरडॅमचा याकोब सांग चाकावर जहाजं, घराण्यांची चिन्हं, बाळंतिणीच्या खोल्या कोरायचा. फ्रान्स ग्रीनवूड आणि पुढे डेव्हिड वोल्फ हे हिऱ्याच्या टोकाने नुसते ठिपके देऊन चित्र उभं करायचे, प्रकाशात धरलं तरच दिसेल इतकं हलकं. आणि त्याच्याही शंभर वर्षं आधी आना रुमर्स व्हिशर ही कवयित्री हिरव्या रोमर पेल्यांवर कविता आणि फुलं-कीटक स्वतः कोरायची. तिचं काम राइक्सम्युझियममध्ये आहे, जरूर पाहा.

मुद्दा असा, की इकडच्या पेल्यांवर मैत्रीला, देशाच्या भरभराटीला, व्यापाराला असे टोस्ट सरळ अक्षरांत लिहिलेले असतात. आणि आनाच्या काचेवर पतंग, चतुर बसलेले दिसतात, त्यांत कुणी राजपुत्र शोधत नाही. काचेवर कीटक काढणं ही चित्रकारांची जुनी आवड होती. इंग्लंडमधल्या पतंगांचा अर्थ लावताना हे विसरू नये.

उलटतपासणी

कालवाकाठ, अगदी हेच म्हणायचं होतं!

आता कळ्यांचं घ्या. दोन कळ्या म्हणजे चार्ल्स आणि हेन्री. ठीक. एक कळी म्हणजे काय? कुणी म्हणतं, फक्त चार्ल्स. कुणी म्हणतं, १७४७ मध्ये हेन्री रोममध्ये कार्डिनल झाला, त्यामुळे पक्षाने त्याला वारसांतून वगळलं, म्हणून त्याची कळी गेली. म्हणजे एक कळी १७४७ नंतरची? मग दोन कळ्यांचे पेले सगळे त्याआधीचे हवेत. घडणीवरून तसं ठरतं का?

वेताळटेकडी

नाही ठरत. एक कळी आणि दोन कळ्या, दोन्ही एकाच धाटणीच्या दांड्यांवर, एकाच काळातल्या पेल्यांवर सापडतात. त्यामुळे 'हेन्रीची कळी गळाली' हा अर्थ मी मानत नाही. ऐकायला देखणा आहे एवढंच. वंशावळ आधी मनात धरायची आणि मग काटे-कळ्या तिच्यावर बसवायच्या, असं तिथे झालंय. पाकळ्यांच्या संख्येचंही तेच. सहा सर्रास दिसतात, सात-आठही आहेत. प्रत्येक आकड्याला अर्थ देणारे लेख वाचले, एकही टिकणारा वाटला नाही.

माझा भर अक्षरांवर आहे. 'रेडेआट', म्हणजे 'तो परत येवो'. १७४९ मध्ये ऑक्सफर्डला रॅडक्लिफ ग्रंथालयाच्या उद्घाटनात विल्यम किंग यांनी लॅटिन भाषणात हाच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला आणि सभागृहाला कळायचं ते कळलं. 'औडेंटिऑर इबो', म्हणजे 'अधिक धैर्याने जाईन'. रोमन कवी व्हर्जिलच्या ओळीत हा उपदेश आहे, 'अधिक धैर्याने जा'. पेल्यावर तो चार्ल्सच्या तोंडी संकल्प होऊन येतो, कारण ज्यांवर ही ओळ आहे त्या पेल्यांवर त्याचं टार्टनमधलं (स्कॉटिश चौकडीच्या कापडातलं) चित्रही असतं. 'टुर्नो टेम्पुस एरिट' हीसुद्धा व्हर्जिलचीच. टर्नस या योद्ध्याला आपल्या विजयाचा पश्चात्ताप करायची वेळ येईल, असा तिथला संदर्भ. टर्नसच्या जागी कलोडनचा विजेता, ड्यूक ऑफ कंबरलंड, वाचणारा मनातच बसवून घेई. लॅटिन शिकलेल्या जमीनदारांचं हे बोलणं आहे. डोंगरात तलवार घेऊन लढलेल्या हायलँडरांच्या घरचे हे पेले नव्हेत, हेही ध्यानात ठेवावं लागतं. कलोडननंतर त्यांच्या अंगावरचा पोशाखसुद्धा १७८२ पर्यंत बेकायदा होता.

मला या पेल्यांत सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं ते हेच. लढाई ज्यांनी लढली ते मेले किंवा देशोधडीला लागले. आणि इंग्लंडमधले जे श्रीमंत पाठीराखे चार्ल्स डर्बीला आला तेव्हा घराबाहेर पडले नाहीत, त्यांच्या टेबलांवर पुढची वीस वर्षं हे सुरेख गुलाब उमलत राहिले. तरीही त्यांना ढोंगी म्हणायला जीभ वळत नाही. पेला ओळखीच्या माणसांतच काढायचा, नोकर बाहेर गेल्यावर बोलायचं, ही भीती खरी होती. नुसता गुलाब असण्याचा फायदाही तोच: कुणी विचारलंच तर गुलाब म्हणजे गुलाब.

खोताचीवाडी

सगळं करून पाहिलं. तळ गुळगुळीत आणि सपाट, मधे काहीच खूण नाही. टिचकीला 'टक्' असा आवाज येतो. पाकळ्या पाच. दांडीत पीळ नाही. म्हणजे नाहीच ना?

वेताळटेकडी

त्या काळातला तरी नाही. विसाव्या शतकातला असण्याची शक्यता जास्त. पण आजीचा आहे, जपून ठेवा.

मंद्र

प्रत्यक्ष बघायचे असतील तर लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि एडिनबराला नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंड. वाट वाकडी करायची तयारी असेल तर फोर्ट विल्यमचं वेस्ट हायलँड म्युझियम. तिथे चार्ल्सचं 'गुप्त चित्र' आहे. लाकडी तबकावर रंगांचा नुसता फराटा दिसतो, पण मधोमध चकचकीत नळकांडं उभं केलं की त्यात राजपुत्राचा चेहरा उमटतो. नळकांडं उचललं की पुरावा नाहीसा. पेल्यांच्या नक्षीवरची चर्चा वाचून झाल्यावर ते तबक पाहिलं पाहिजे.

उलटतपासणी

मंद्र, हे भन्नाट आहे. तिथे मुद्दाम लपवलंय हे निर्विवाद.

वेताळटेकडी, अक्षरं असलेल्या पेल्यांबाबत मी आता तुमच्या बाजूला आलो. एकट्या गुलाबाचं काय करायचं पण? संग्रहालयांत तेच जास्त आहेत आणि पाटी सगळ्यांवर सारखीच.

कुरुंद

मी सांगतो माझा मार्ग. एकटा गुलाब घ्या आणि तो कुणाच्या हातचा आहे ते ठरवा. त्याच हाताने 'फियाट' किंवा 'रेडेआट' लिहिलेले पेले कोरलेले असतील आणि गुलाब पाकळीला पाकळी तसाच असेल, तर जॅकोबाइट गिऱ्हाइकासाठी केलेला असण्याची शक्यता मोठी. हात अनोळखी असेल तर पाटीवर 'गुलाबाची नक्षी' एवढंच लिहावं.

वेताळटेकडी

कुरुंद, पूर्ण सहमत. फक्त यात अजून एक तपासणी घालायला हवी: गुलाबाच्या मागच्या बाजूला काय आहे. बऱ्याच संग्रहालयांत पेला काचेच्या कपाटात असा ठेवतात की मागची बाजू दिसतच नाही आणि छापील यादीतही एकाच बाजूचा फोटो असतो. पुढच्या महिन्यात इथल्या संग्रहालयाच्या अभ्यासिकेत काही पेले हातात घेऊन बघायची वेळ मागितली आहे. कुरुंद, पाकळीच्या कुठल्या भागाचे आणि किती जवळून फोटो काढले तर तुम्हाला हात ताडता येईल, ते व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कळवाल का?

कुरुंद

कळवतो. काट्यांचे आणि पानांच्या शिरांचे आधी काढा, पाकळ्या नंतर. उजेड बाजूने पडू द्या, समोरून नको.